बेडकीचं नाव बदललं म्हणून हसू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर पावसाळी बेडकांवर एक चौकट होती. फोटो सुरेख होता, पण मथळा असा होता की एकाच बेडकीला पाच नावं, शास्त्रज्ञांचं काही ठरेना. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते कात्रण फिरलं आणि खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली, कोणी लिहिलं यांना दुसरी कामं नाहीत, कोणी लिहिलं पगार घेऊन बेडकांची बारशी करत बसतात. मला ते वाचून खरंच वाईट वाटलं. ग्रुपवर उत्तर लिहायला घेतलं होतं, पण तिथे कोण वाचणार, म्हणून थेट तुम्हालाच लिहितेय. पत्र लांब झालंय, कापायचं तर कापा, पण नावं मात्र जशी लिहिलीत तशीच छापा.

मी शास्त्रज्ञ नाही, आधीच सांगते. नोकरी सगळी हिशोबाच्या टेबलावर गेली. पण माझं माहेर मेढ्याचं, सातारा जिल्ह्यातलं, आमची भातखाचरं होती आणि लावणीच्या दिवसांत संध्याकाळी खाचरातून जो आवाज उठायचा त्यात घरात बोललेलं ऐकू यायचं नाही, आई अक्षरशः ओरडून जेवायला बोलवायची. त्या आवाजात एक बारकी, मातकट रंगाची, पाठीवर सुरकुत्यांसारख्या उभ्या वळ्या असलेली बेडकी असायची. तिला आम्ही नुसतं बेडकी म्हणायचो. चिखलणी करताना पायाजवळून टुणकन उडायची आणि बांधावरच्या गवतात शिरायची. तुमच्या चौकटीतली बेडकी तीच, किंवा तिची अगदी जवळची बहीण. आणि ज्या नावावरून एवढं हसू झालं त्या नावाचा एक धागा माझ्या माहेरच्या गावापर्यंत येतो, हे मला माझ्या भाच्यानं सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

तो पुण्यात झूलॉजी शिकला. त्यानं मला दाखवलं की १९१९ साली नेल्सन अ‍ॅनंडेल नावाच्या साहेबांनी मुंबई इलाख्यातल्या लहान ओढ्यांमधल्या प्राण्यांवर लिहिलं होतं. हे अ‍ॅनंडेल म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक, ती संस्था १९१६ साली कलकत्त्याला सुरू झाली. त्यांनी आपल्या घाटातून गोळा केलेल्या लहान बेडकांना एक नाव दिलं, आणि ज्या गावांतले नमुने त्यांच्यासमोर होते त्यात सातारा जिल्ह्यातलं मेढा आहे. म्हणजे माझा बापही जन्माला आला नव्हता तेव्हा आमच्या शिवारातली बेडकी बाटलीत बसून कलकत्त्याला पोचली होती आणि तिथे कोणीतरी तिच्या बोटांमधला पडदा, पायावरची गाठ, पाठीवरच्या वळ्या भिंगाखाली बघून लिहून ठेवत होतं. गावात हे कोणालाच माहीत नव्हतं. मला तरी कुठे माहीत होतं.

तर आता त्या पाच नावांबद्दल, कारण हसण्यासारखं त्यात काहीच नाहीये.

सुरुवात जावा बेटावरून होते. १८२९ साली ग्राव्हेनहोर्स्ट नावाच्या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानं जावातल्या एका लहान बेडकाला राना लिम्नोकॅरिस असं नाव दिलं. त्यानंतर शंभर वर्षांहून जास्त काळ काय झालं, की आशियात कुठेही भाताच्या शेतात अशी बारकी, वळ्यावळ्यांची बेडकी दिसली की तिला लिम्नोकॅरिस म्हणायचं. जावात लिम्नोकॅरिस, ब्रह्मदेशात लिम्नोकॅरिस, बंगालात, केरळात आणि आमच्या मेढ्यातही लिम्नोकॅरिस. दिसायला सगळ्या सारख्याच, त्यामुळे कोणाला दोष देता येत नाही. अ‍ॅनंडेल यांना मात्र आपल्या घाटातली जरा वेगळी वाटली, म्हणून त्यांनी तिला लिम्नोकॅरिसचीच एक उपजात मानून सिहाद्रेन्सिस असं तिसरं नाव जोडलं, म्हणजे सह्याद्रीची. पुढे अभ्यास झाला तसं लक्षात आलं की ही उपजात नाही, ही स्वतंत्र जातच आहे, जावातल्या बेडकीशी तिचं जवळचं नातं नाही. मग ती सिहाद्रेन्सिस म्हणून स्वतःच्या नावावर उभी राहिली.

शास्त्रीय नाव दोन शब्दांचं असतं, आणि हे झालं त्यातलं दुसरं, म्हणजे जातीचं. बदलत राहिलं ते पहिलं नाव, म्हणजे प्रजातीचं, ज्याला आपण घराणं म्हणू. आधी ते राना होतं. राना म्हणजे लॅटिनमध्ये सरळ बेडूक, आणि एके काळी जगभरातले किती तरी बेडूक त्या एकाच घराण्यात कोंबले होते. मग राना फोडलं, आपली बेडकी लिम्नोनेक्टेस मध्ये गेली, मग फेजरवार्या मध्ये. हे फेजरवार्या नाव बोल्काय यांनी १९१५ साली फेयेर्वारी नावाच्या हंगेरियन बेडूक-अभ्यासकावरून ठेवलेलं. मग २०११ साली दक्षिण आशियातल्या बेडकांसाठी झाकेराना असं नवं घराणं सुचवलं गेलं, आणि २०१८ पासून आता मिनर्वार्या. मोजा, झाली पाच.

माझ्या मैत्रिणीला हे कळेना, तिला मी माझंच उदाहरण दिलं. माझं माहेरचं आडनाव वेगळं, लग्नानंतर बदललं, बँकेच्या पासबुकात बदललं, रेशनकार्डात बदललं, पण नाव तेच राहिलं आणि बाई तर तीच राहिली ना. बेडकीचंही तसंच, घराणं बदललं, सिहाद्रेन्सिस तसंच राहिलं. आमच्या आजीचं तर लग्नात पाळण्यातलं नावही बदललं होतं, पूर्वी सासरी दुसरंच नाव ठेवायचे. प्राण्यांच्या नामकरणात ते चालत नाही. एकदा रीतसर छापलेलं जातीचं नाव मनात आलं म्हणून कोणी बदलू शकत नाही, ज्यानं ठेवलं तो स्वतःसुद्धा नाही. आणि घराणं बदललं की ते लपवतही नाहीत. मूळ नाव ठेवणाऱ्याचं आडनाव आणि साल कंसात टाकतात. नुसता कंस बघून जाणकाराला कळतं की ही बेडकी आधी दुसऱ्या घराण्यात होती. इतकी साधी, इतकी प्रामाणिक पद्धत मी आमच्या हिशोबाच्या वह्यांतही पाहिली नाही.

आणि झाकेराना जाऊन मिनर्वार्या का आलं, तर तिथे कोणाची आवडनिवड नाही, तिथे नियम आहे. ह्यासाठी थोडं मागे जावं लागेल. २००१ साली द्युबुआ, ओलर आणि बिजू या तिघा बेडूक-अभ्यासकांनी कर्नाटकातल्या गुंड्याच्या बाजूच्या एका अगदी चिमुकल्या बेडकाचं वर्णन केलं, वरच्या ओठावर पांढरी पट्टी असलेला. तो त्यांना इतका वेगळा वाटला की त्यासाठी त्यांनी नवं घराणंच केलं, मिनर्वार्या. त्या वेळी त्या घराण्यात तो एकटाच होता. पुढे डीएनए तपासल्यावर दिसलं की हा वेगळा बिगळा काही नाही, आपल्याकडच्या त्या सगळ्या भातखाचरातल्या बेडक्यांच्याच मधोमध त्याची जागा आहे, आणि आग्नेय आशियातल्या खऱ्या फेजरवार्या वेगळ्या फांदीवर आहेत. मग या आपल्या फांदीला नाव कुठलं द्यायचं? झाकेराना २०११ चं, मिनर्वार्या २००१ चं. आंतरराष्ट्रीय नियमावली सांगते की एकाच गटाला दोन नावं असतील तर आधीचं नाव चालणार. झाकेराना हे बांगलादेशच्या एका थोर प्राणिशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ ठेवलेलं नाव होतं, ते मागे पडलं ह्याचं कोणाला वाईटही वाटलं असेल, पण नियम म्हणजे नियम. २०१८ साली हे सगळं मांडणारं अभ्यासपत्र आलं, त्यानंतर फेजरवार्या हे नाव आग्नेय आशियाकडच्यांसाठी राहिलं आणि आपल्याकडच्या मिनर्वार्या झाल्या. ह्यात शास्त्रज्ञांचा गोंधळ कुठे आहे? गोंधळ आधी होता, जेव्हा जावा ते जावळी सगळ्यांना एकच नाव होतं आणि कोणाला त्याची खंत नव्हती.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी नावं जशीच्या तशी छापा असं मी वर म्हटलं. गुंड्याच्या त्या चिमुकल्या बेडकाचं जातीचं नाव सह्याद्रिस. आणि अ‍ॅनंडेल यांच्या बेडकीचं सिहाद्रेन्सिस. दोन्ही नावं सह्याद्रीवरूनच, फक्त अ‍ॅनंडेल साहेबांच्या काळी इंग्रजीत सह्याद्रीचं स्पेलिंग वेगळं लिहायचे, ते तसंच राहिलं, कारण मूळ लेखात जसं छापलं तसंच ठेवायचं हाही नियमच. पूर्वी दोघं वेगवेगळ्या घराण्यात होते म्हणून निभावलं, आता दोघंही मिनर्वार्या. म्हणजे मिनर्वार्या सह्याद्रिस हा दक्षिणेकडचा एक बेडूक आणि मिनर्वार्या सिहाद्रेन्सिस ही आपल्याकडची दुसरीच बेडकी. तुमच्या चौकटीत फोटो एकीचा होता आणि नाव दुसऱ्याचं होतं. मला माहीत आहे की पेपर रात्री घाईत लागतो, पण ही चूक एखाद्या माणसाचा फोटो आणि दुसऱ्याचं नाव छापण्यासारखीच आहे, आणि माणूस निदान फोन करून तक्रार तरी करतो.

लोक विचारतात की एवढा कीस कशाला, बेडूक तो बेडूक. ह्याचं उत्तर मी दोन जागांवरून देते. पहिली जागा कोयना. १९६३ साली सोमण यांनी कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या परिसरातून एका लहान भेकाचं वर्णन केलं. भेक म्हणजे तो कोरड्या, खरखरीत कातडीचा, उड्या कमी आणि चालणं जास्त. त्याला नाव दिलं बुफो कोयनायेन्सिस. बुफो हे घराणंही राना सारखंच, एके काळी जगातले किती तरी भेक त्यात. दुसरी जागा आंबोली. तिथल्या कातळावर तसाच एक लहान भेक, अंगाच्या बाजूंना वाघासारखे पट्टे, पावसाच्या सुरुवातीला खडकावरच्या उथळ डबक्यांत जमतात, तिथेच अंडी घालतात, बाकी वर्षभर कुठे असतात ते पत्ता लागत नाही. २००९ साली बिजू, गिरी आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी ह्या दोघांचा अभ्यास करून सांगितलं की हे बुफो नव्हेतच, ही पश्चिम घाटातली वेगळीच, फक्त इथेच सापडणारी शाखा आहे. नवं घराणं केलं झँथोफ्रायनी, ग्रीकमध्ये झँथोस म्हणजे पिवळा आणि फ्रायनी म्हणजे भेक. कोयनेचा तो झँथोफ्रायनी कोयनायेन्सिस झाला आणि आंबोलीच्या भेकाला पहिल्यांदा स्वतःचं नाव मिळालं, टायगरिना.

आता फरक बघा. तोपर्यंत आंबोलीच्या कातळावरचा तो जीव म्हणजे भेकांतला एक भेक. नाव मिळालं तेव्हा कळलं की हा जगात जवळपास तेवढ्याच टापूत आहे. आज आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या लाल यादीत, म्हणजे धोक्यातल्या जीवांच्या यादीत, आंबोलीचा भेक अतिसंकटग्रस्त आहे आणि कोयनेचा संकटग्रस्त. आंबोलीत पावसाळ्यात धबधबा बघायला गाड्यांची रीघ लागते आणि नेमक्या त्याच दिवसांत, त्याच ओल्या रात्री हे जीव रस्ता ओलांडत असतात. नाव नसतं तर रस्त्यावर चिरडलेला बेडूक एवढंच राहिलं असतं. नाव आहे म्हणून यादी आहे, यादी आहे म्हणून कोणी तरी प्रश्न विचारू शकतं की रात्रीच्या गाड्या त्या दिवसांत हळू चालवता येतील का. यादीत बिननावाची ओळ नसते हो. मी आयुष्यभर याद्या केल्यात, मला माहीत आहे.

खाचरातल्या बेडक्यांचंही तेच. जोपर्यंत सगळ्या लिम्नोकॅरिस होत्या तोपर्यंत जावापासून पुण्यापर्यंत पसरलेल्या बेडकीची काळजी कोण करणार, इथली संपली तरी तिकडे आहेच ना. वेगळी केली तेव्हा समजलं की एखादी फक्त एवढ्याच डोंगररांगेत आहे, एखादी फक्त गोव्या-कोकणातल्या सड्यांवर.

आणि आता मला ती गोष्ट सांगायचीय जी तुमच्या चौकटीत असायला हवी होती. २०१९ साली फुगे, दिनेश, आंधळे, भाकरे आणि पंडित या पाच जणांनी पश्चिम घाटाच्या उत्तर भागातून, आपल्या महाराष्ट्रातून एका नव्या जातीचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि तिचं नाव ठेवलं मराठी. होय, आपल्या भाषेवरून. वर्णन छापलं तेव्हा त्यांनी घराण्याचं जुनंच नाव वापरलं, फेजरवार्या मराठी, आता नव्या घराण्यानुसार मिनर्वार्या मराठी. भाच्यानं सांगितलं तेव्हा मी दोनदा विचारलं, खरंच मराठी असंच लिहिलंय का, तर तो म्हणाला, मावशी, जपानमधला माणूस असो की ब्राझीलमधला, त्याला ह्या बेडकीबद्दल लिहायचं तर मराठी हा शब्द लिहावाच लागणार, भाषांतर करता येत नाही. भाषेसाठी आपण दरवर्षी कार्यक्रम करतो, फलक लावतो, ते करायलाच हवं. पण ही बातमी मी एकाही घरात कोणाच्या तोंडून ऐकली नाही.

अशी नावं पुष्कळ आहेत आणि ती वाचली की मला गावाकडच्या बाळांच्या नावांसारखी गोड वाटतात. आंबोलीच्याच एका उड्या मारणाऱ्या बेडकाचं नाव २०१४ साली चिरावासी ठेवलं, इंदिराना चिरावासी, खडकाच्या चिरांमध्ये राहतो म्हणून. जमिनीत पुरून राहणाऱ्या एका बेडकाचं नाव २०१७ साली ठेवलं पश्चिमा. गोव्याकडच्या दोघींची नावं गोमांतकी आणि गोयंची. झुडपांवर राहणाऱ्या एका इवल्या बेडकाला २०१३ साली घाटेई नाव दिलं, पुण्यातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक हेमंत घाटे यांच्या सन्मानार्थ, ज्यांच्या हाताखाली कितीतरी मुलं किडे-बेडूक बघायला शिकली. ह्या झुडपी बेडकांची एक गंमत, त्यांना पाण्यातली पिल्लावस्थाच नसते, म्हणजे शेपटीवाला बेडूकमासा होतच नाही, अंड्यातून थेट नखाएवढा बेडूक बाहेर येतो. त्यांच्या घराण्याचं नाव राओर्केस्टेस, तेही २०१० साली एका भारतीय बेडूक-अभ्यासकाच्या नावावरून, सी. आर. नारायण राव यांच्या. आणि खूप आधी, १८५३ साली, जेर्डन नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं एका बेडकाला ॲग्रिकोला म्हटलं होतं, लॅटिनमध्ये शेतकरी. भातात राहणाऱ्याला शेतकरी म्हणावंसं त्या साहेबालाही वाटलं.

सगळीच नावं मला आवडतात असं नाही, ते पण लिहिते. आंबोलीहून २०१७ साली वर्णन झालेल्या एका बेडकाचं नाव अभ्यासाला पैसे देणाऱ्या निधीच्या आद्याक्षरांवरून आहे, सेप्फी. कृतज्ञता म्हणून ठेवलंय हे मला समजतं, नियमात बसतं, त्या पैशाशिवाय काम झालं नसतं हेही खरं. पण आंबोलीत एवढी झाडं, एवढे ओढे, एवढी माणसं असताना त्यातलं काही त्या नावात आलं असतं तर मला जास्त आनंद झाला असता. आता ते बदलणार नाही आणि बदलूही नये.

नाव देणं म्हणजे बारसं नव्हे, हे ग्रुपवरच्या मंडळींसाठी सांगते. दोन वर्षांपूर्वी भाच्याबरोबर मी स्वतः रात्री खाचरात गेले होते, डोक्यावर खोळ, हातात बॅटरी, चिखलात गुडघ्यापर्यंत. आम्ही काही पकडलं नाही, फक्त आवाज रेकॉर्ड केले, कारण पकडायला परवानगी लागते आणि ती लागायलाच हवी. तो मला म्हणाला डोळे मीट आणि ऐक. मी लहानपणापासून ज्याला एकच आवाज समजत होते त्यात तीन निरनिराळे आवाज होते. एक लांबट किर्र असा, एक तुटक तुटक, आणि एक मधूनच दोनदा वाजून गप्प बसणारा. नर ओरडतात आणि प्रत्येक जातीची मादी आपल्याच जातीचा आवाज ओळखून जाते, तिची सहसा चूक होत नाही. पन्नास वर्षं मी त्या आवाजात झोपले आणि मला ते माहीत नव्हतं. आवाजाचा आलेख काढतात, मग अंगाची मापं, तीही मिलिमीटरच्या भागात, बोटांची लांबी, पडदा कुठपर्यंत, मग ऊतीचा एक कण घेऊन डीएनए, मग आधी ज्यांनी ज्यांनी जवळपासच्या जातींना नावं दिलीत त्यांचे जुने लेख, जर्मन असो की फ्रेंच, शोधून वाचायचे, आणि म्युझियममधले मूळ नमुने स्वतः जाऊन बघायचे. कारण आधीच कोणी नाव दिलेलं असेल तर तुमचं नाव बाद. ही उलटतपासणी १७५८ पर्यंत मागे जाते, दोन शब्दांच्या नावाची पद्धत रूढ करणाऱ्या लिनिअस यांच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपर्यंत, प्राण्यांच्या नावांचं खातं तिथून उघडलंय.

तो मूळ नमुना फार महत्त्वाचा असतो. नाव सहसा एका ठरावीक बाटलीतल्या एका ठरावीक बेडकाला बांधलेलं असतं, वाद झाला की त्याच्याकडे जायचं. नारायण राव यांनी १९३७ साली वर्णन केलेल्या काही बेडकांचे मूळ नमुने नंतर हरवले, आणि त्यातली काही नावं नेमकी कोणत्या बेडकाची हे उलगडायला पुढच्या अभ्यासकांना जंगलात पुन्हा फिरावं लागलं. एक बाटली नीट ठेवली नाही तर एवढा खटाटोप. कॉलेजांच्या प्रयोगशाळेत जुन्या बाटल्या असतात, स्पिरिट आटलेलं, लेबल उडालेलं. मी एका कॉलेजात हे बघितलंय, कॉलेजचं नाव घेत नाही, कपाट रिकामं करायचं म्हणून त्या बाटल्या भंगारात गेल्या. त्या कपाटात काय होतं हे आता कोणीच सांगू शकणार नाही.

आपल्या पेपरकडून माझ्या मागण्या फार नाहीत. एक म्हणजे शास्त्रीय नाव छापायचं तर दोन्ही शब्द छापा आणि एकदा जाणकाराला दाखवून घ्या. आपल्या गावागावात प्राणिशास्त्राचे शिक्षक आहेत, दहा मिनिटांचं काम आहे. दुसरं, नवा बेडूक सापडला असं लिहू नका, तो कुठे हरवला होता, तो आमच्या बांधावरच होता. वर्णन झालं असं लिहा, नाव मिळालं असं लिहा. शोध लागला म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं कुठल्या तरी निर्मनुष्य जंगलातून आणला, आणि मग आपल्या शेतातल्या बेडकीकडे कोणी वाकून बघत नाही.

आणि तिसरं मला सगळ्यात जास्त मनापासून सांगायचंय. जगाच्या यादीत मराठी नावाची बेडकी आहे, पण तिला मराठीत काय म्हणायचं ते कोणाला ठरवता आलेलं नाही. आपण इंग्रजीतून क्रिकेट फ्रॉग असं उचलतो, ते रातकिड्यासारखं ओरडतात म्हणून, आणि लोकांना वाटतं खेळाशी काही संबंध आहे. गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांकडे नावं असतात, किंवा निदान खुणा असतात. माझे वडील खाचरातली, विहिरीतली, झाडावरची आणि मातीत निघणारी असा फरक करायचे, नांगरताना मातीतली निघाली की हातानं बाजूला ठेवायचे. ते गेले, मी त्यांना कधी नीट विचारलं नाही.

कायद्यानं गावोगाव जैवविविधता समित्या आहेत आणि लोकांच्या माहितीवरून नोंदवही करायची असते. एका गावाची वही मी चाळली, गाव कोणतं ते राहू दे. झाडांची चार पानं होती, पक्ष्यांचं एक पान, आणि बेडकांच्या रकान्यात एकच शब्द, बेडूक. पुढे संख्या, भरपूर. ती वही भरणाऱ्यांवर माझा राग नाही, त्यांना कोणी सांगितलंच नसणार की तिथे दहा ओळी होऊ शकतात. तुम्ही सांगू शकता. ह्या पावसाळ्यात आठवड्यातून एकदा छोटी जागा द्या, एक बेडूक, फोटो, शास्त्रीय नाव नीट, कुठे राहतो, कसा ओरडतो, आणि खाली वाचकांना विचारा की तुमच्याकडे ह्याला काय म्हणतात. कोकणातून वेगळं येईल, मावळातून वेगळं, विदर्भातून वेगळं. बेळगावातून, गोव्यातूनही येईल. सगळी छापा, ह्यातलं बरोबर कोणतं ते लगेच ठरवायला जाऊ नका.

माझ्याकडे त्या रात्रीचं रेकॉर्डिंग आहे, अकरा मिनिटांचं, मध्ये माझा खोकला आलाय तेवढा सोडला तर स्वच्छ आहे. भाच्यानं कोणता आवाज कोणाचा असावा ते लिहून दिलंय, एकापुढे प्रश्नचिन्ह ठेवलंय कारण त्याची खात्री नव्हती. तुम्हाला हवं असेल तर पाठवते, ते प्रश्नचिन्ह मात्र काढू नका.

आपली नम्र,
एक वाचक, माहेर मेढा, जि. सातारा